निरोगी रांगेतलं पोट

प्रयोगशाळेत त्याला सगळे पोटोबा म्हणत. वीस वर्षं जो काचेची पोटं सांभाळतो, त्याला दुसरं नाव पडणार तरी कोणतं? एका रांगेत पाच काचेची भांडी, नळ्यांनी जोडलेली. पहिलं जठर, दुसरं लहान आतडं, उरलेली तीन मिळून मोठं आतडं. त्यांना अंगाइतकी ऊब द्यायची, आत हवा शिरू द्यायची नाही, माणसाच्या शौचाच्या नमुन्यातले जिवाणू सोडायचे आणि दिवसातून तीनदा पातळ खाणं घालून जगवायचे. एक रांग आयबीएसच्या रुग्णाची, शेजारची निरोगी माणसाची. सगळ्या तपासण्या चांगल्या येतात, पण पोट कधी दगा देईल याचा नेम नसतो, असा हा आजार. दोन्ही रांगांत फरक काय पडतो, ते पाहायचं.

पोटोबाला हा आजार पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. अठरा वर्षं तो त्याच्याच पोटात होता. घराबाहेर पडायचं तर वाटेतली स्वच्छतागृहं त्याला पाठ असत. डबा तो सामानाच्या खोलीत उभ्याउभ्या खाई. धाकटी बहीण जेवायला बोलवी, तेव्हा ठरलेलं उत्तर तयार असे, मशीनला खायला घालायचंय. भाचीच्या लग्नालाही त्याने हेच कळवलं. खोटं बोलावं तर ते धड तरी बोलावं माणसाने! बहीण समजायचं ते समजली. दादा मोठा झाला, आपल्या घरचं जेवण त्याला चालत नाही. तिने बोलावणं सोडलं आणि पोटोबा तोंड मिटून बसला.

एका सोमवारी नमुना देणाऱ्या निरोगी माणसाचा फोन आला, ताप आहे, जमणार नाही. दोन्ही रांगा एकाच दिवशी सुरू व्हायला हव्या होत्या आणि रुग्णाचा नमुना आधीच येऊन पडला होता. संशोधक बाई वयाने त्याच्या भाचीएवढी, कामात जीव ओतणारी. ती कपाळाला हात लावून बसली. तिचा चेहरा पोटोबाला बघवेना. मी देतो, तो म्हणाला. फॉर्मवर विचारलं होतं, पोटाची काही तक्रार? त्याने 'नाही'वर खूण केली. त्यात लबाडी नव्हती. अठरा वर्षं कोणीही विचारलं तरी त्याने हेच उत्तर दिलं होतं, हात सवयीनेच तिकडे गेला.

तिसऱ्या आठवड्यात निरोगी रांग रुग्णाच्या रांगेसारखाच वायू सोडू लागली. कुठून तरी हवा शिरत असणार, असं बाईला वाटलं. तिने नळ्या बदलल्या, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून पाहिलं. काही सापडेना. शेवटी तिने साहेबांना पत्र लिहिलं, चूक माझी आहे, हे काम दुसऱ्याकडे द्यावं. पोटोबाने ते तिच्या टेबलावर पाहिलं आणि त्याला आपली लाज वाटली. आपलं झाकायला आपण एका गुणी पोरीचा बळी देतोय, हे त्याला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळचं खाणं घालून झाल्यावर तो तिच्यासमोर उभा राहिला.

"बाई, गळती कुठेच नाहीये. ते पोटच तसं आहे. माझं."

तिने हातातली नळी खाली ठेवली.

"तीन आठवडे, पोटोबा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मग तिने पत्र फाडलं आणि नवा फॉर्म काढला. तक्रार? आहे. किती वर्षं? अठरा.

"घरी कोणाला माहीत आहे?" हा प्रश्न फॉर्मवर नव्हता.

"घरी कोणी नाही. एक बहीण आहे. तिला वाटतं, मी शिष्ट आहे."

बाईने रांगेवरची 'निरोगी' चिठ्ठी काढून 'रुग्ण' अशी लावली. दुपारचं खाणं मी घालते, म्हणाली, तुम्ही बहिणीकडे जा.

अठरा वर्षांची सबब अशी एका वाक्यात गेली. पोटोबाने बाहेरच्या जिन्यात थांबून बहिणीला फोन लावला. तो बराच वेळ वाजत राहिला.

"बोल," ती म्हणाली. दादा म्हणाली नाही.

जेवायला येऊ का, त्याने विचारलं.

"आणि तुझी मशीन?"

ठरलेलं उत्तर ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

"मशीनचं कधीच काही नव्हतं गं. माझंच पोट धड नसतं. चारचौघांत बसायची भीती वाटते."



"लग्नात तुझं ताट मी शेवटपर्यंत झाकून ठेवलं होतं, दादा," ती म्हणाली.