सासूबाई खाली राहतात

सासरे गेल्यावर सासूबाई चीनमधल्या त्यांच्या गावाहून शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आमच्याकडे राहायला आल्या. त्यांच्यासाठी आम्ही वरच्या मजल्यावरची सगळ्यात चांगली खोली तयार ठेवली होती. दोन मोठ्या खिडक्या, सकाळचं ऊन. आठवडाभरात त्यांनी आपली गादी उचलून बेसमेंटमध्ये नेली.

"वर झोपलं की झाडावर झोपल्यासारखं वाटतं म्हणते," नवऱ्याने मला मराठीत... म्हणजे माझ्याकडून शिकलेल्या, इंग्लिशमिश्रित मराठीत सांगितलं.

मी पुण्याची. माझं चिनी 'जेवलात का' आणि 'औषध घेतलंत का' इथे संपतं. नवरा त्यांना 'मा' म्हणतो, म्हणून मीही. तेवढा एक शब्द मला शिकावा लागला नाही.

त्या खाली गेल्या आणि मला लोकांची काळजी लागली. हळदीकुंकवाला आलेल्या एका काकूंनी मला बाजूला घेतलंच.

"अगं, सासूला बेसमेंटमध्ये ठेवलंस?"

"त्यांनाच तिथे आवडतं, काकू."

"हो, तसं सगळ्याच म्हणतात."

नवऱ्याला म्हटलं, काही कर, त्यांना वर आण. तो म्हणाला, "तूच विचार." मग एका रविवारी मी पोळ्यांची कणीक मळत असताना मा चहा करायला वर आल्या, तेव्हा मुलीला मध्ये घातलं. तिला दोन्ही आज्यांच्या भाषा येतात, मोडक्यातोडक्या.

मांनी ऐकून घेतलं. मग माझ्या परातीतली कणीक ओट्यावर घेऊन जाडसर थापली आणि सुरीने मधोमध चौकोनी खड्डा कापला. "हे अंगण, जमिनीत खणलेलं." खड्ड्याच्या चारी भिंतींत अंगठा खुपसला. "या खोल्या. ही माझी." कोपऱ्यातून वरपर्यंत एक तिरका उतार काढला. ही वाट. लांबून पाहिलं तर शेतच दिसायचं, गाव दिसायचंच नाही, फक्त अंगणातल्या झाडांचे शेंडे. वरच्या जमिनीवर धान्य वाळायचं, म्हणजे त्यांच्या छपरावर. शेजारीण कठड्यावरून वाकून विचारायची, आज काय शिजवलंय?

"वेट," मुलगी म्हणाली, "लोक तुमच्या डोक्यावरून वॉक करायचे?"

"गाढवंसुद्धा," मा म्हणाल्या आणि हसू लागल्या.

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि सावकाश बोलल्या. मुलीने तितक्याच सावकाश सांगितलं. मांचं माहेर जमिनीवरचं, विटांचं. लग्न होऊन त्या उतारावरून खाली जाताना त्या रडत होत्या. त्यांना वाटलं, आपल्याला पुरताहेत. सासूने हात धरून त्यांना मातीच्या ओट्यावर बसवलं, खालून चुलीची ऊब खेळवलेल्या. बाहेर बर्फ होतं आणि खोलीत कोट काढावा लागला. पुढची चाळीसेक वर्षं त्या तिथेच राहिल्या. मग गावाला वर नवे फ्लॅट मिळाले, लोक हळूहळू निघून गेले. आता त्या अंगणात गवत माजलंय म्हणे.

मी नंतर त्यांना वर या म्हटलं नाही. खाली एक चांगला दिवा लावून दिला, जिन्याला दुसरा कठडा बसवून घेतला. जानेवारीत एका दुपारी हीटिंग बंद पडलं. वरच्या खोल्या गार पडत गेल्या, तसे आम्ही एकेक करून रजया घेऊन खाली उतरलो. तिथे बरीच ऊब होती. मांनी गादीवर सरकून माझ्यासाठी जागा केली. घर त्यांचं आणि आम्ही पाहुणे, असा त्यांचा चेहरा होता.

हीटिंग दुरुस्त झालं, पण दुपारी लॅपटॉप घेऊन मी अजूनही खालीच बसते. मा शेजारी लसूण सोलतात आणि माझे चिनी उच्चार सुधारतात. परवा मीटिंग चालू असताना त्यांनी सोललेल्या संत्र्याच्या फोडी माझ्या कीबोर्डवर ठेवल्या आणि, मी म्यूटवर नसताना, मोठ्याने म्हणाल्या, "खा." तेवढं चिनी आता मला कळतं. मी मीटिंगमधल्या लोकांना थांबा म्हटलं आणि खाल्ल्या.