सुनंदाबाईने आधीच दाबलेला गोल

फोनवर काम आलं. त्याच्यापुढे एक रिकामा गोल आहे. तो तुम्ही कधी दाबाल? काम घेताना की काम झाल्यावर? हसू नका. तुम्हाला कुणीतरी सांगितलं म्हणून माहीत आहे. सावद्याच्या सुनंदाबाईला कुणीच सांगितलं नव्हतं.

सुनंदाबाई केळीच्या पॅकहाउसवर बायांच्या टोळीची मुकादम. केळीच्या फण्या धुवायच्या, पुसायच्या, खोक्यात भरायच्या. बोलणं फटकळ, पण शब्दाची पक्की. मालक माणकचंदशेठ स्वतः कारभार बघायचे तेव्हा सकाळी त्यांचा फोन यायचा, "अक्का, माल येतोय." ही म्हणायची, "झालं समजा." शेठ निर्धास्त फोन ठेवायचे. इकडे काम घ्यायची रीतच ती. शब्द आधी, हात नंतर.

मग शेठचा मुलगा अखिल कारभार बघू लागला. धुळ्याच्या ऑफिसात बसून तो कंप्यूटरवर कामं टाकायचा, ती इकडे टिंग करून फोनच्या ॲपवर उमटायची. "फक्त गोल दाबत जा, अक्का," एवढं बोलून साहेब गाडीत बसले. झालं शिक्षण! सुनंदाबाई टिंग वाजलं की गोल दाबायची. तिच्या लेखी तो शब्द दिला. अखिल कंप्यूटर बघायचा संध्याकाळी, तोवर माल खरंच भरलेला असायचा. म्हणून हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एका मंगळवारी मात्र त्याने सकाळीच बघितलं. कंप्यूटरवर काम 'पूर्ण'. त्याने लगेच माल उचलायला गाडी पिटाळली. गाडी दारात आली तेव्हा केळी अजून हौदात तरंगत होती. ड्रायव्हर थांबला नाही, दुसऱ्या व्यापाऱ्याचा माल भरून निघून गेला.

दुपारी अखिल येऊन धडकला. सगळ्या बायांसमोर ओरडला, "अक्का, लबाडी करता?"

"तोंड सांभाळा, अखिलभाऊ! गोल दाबला म्हणजे काम घेतलं, का नाही?"

"घेतलं नाही, झालं! शाळेतल्या पोरांना कळतं हे."

"मंग शाळेतले पोरं आणा न केळी धुवाले!"

बाया फिसकन हसल्या. अखिलचे कान लाल झाले. सुनंदाबाईचा आवाज चढला, "चुकलं माझं, शंभरदा म्हणते. पण लबाड कायले म्हणता? मले सांगतलं होतं का कोणी?"

"लबाडी केली म्हणा, नाहीतर मुकादमी सोडा."

"नाही म्हणत. जा!"

अखिलने तिथेच खोक्यावर लॅपटॉप उघडला आणि काहीतरी दाबलं. सुनंदाबाईच्या हातातल्या फोनवरची सगळी कामं एका क्षणात गेली. नुसता पांढरा पडदा. ज्या बाईने याच्या बापाचा माल एकदाही अडू दिला नाही, तिला काढायला या पठ्ठ्याला एक बोट पुरलं. तिने ओले हात पदराला पुसले, डबा उचलला आणि ती चालू लागली. मागून कुणी हाक मारली नाही. बायांना बोल लावू नका, त्यांच्याही घरी चूल आहे.

आता मुकादम ऋतिका आहे. तिला अखिलने लॅपटॉपसमोर खुर्ची दिली, शेजारी बसवलं आणि गोल कधी दाबायचा ते नीट समजावलं. म्हणजे येत होतं त्याला समजावता! अक्काच्या वेळी जीभ झिजत होती का?

सुनंदाबाई घरी बसून आहे. सावदा-रावेर भागात तुमचं पॅकहाउस असेल तर तिला कामाला बोलवा. ॲप द्यायचंच असेल तर खुशाल द्या, पण आधी तिच्याजवळ बसून ते समजावून सांगा.