घोडा बांधून येते

आमची मुलगी तीस वर्षांची आहे, बँकेत चांगल्या हुद्द्यावर आहे, आणि जेवायला हाक मारली की म्हणते, "थांब गं आई, घोडा बांधून येते."

हा घोडा टीव्हीवरच्या गेममधला. ही त्याच्यावर बसून डोंगर पालथे घालते आणि गेम बंद करण्याआधी त्याला न चुकता तबेल्यात नेऊन उभा करते. त्याची मान थोपटते. वर म्हणते, "येते हं." इकडे आमटी गार! अगं, टीव्ही बंद झाला की तो घोडा कुठेच नसतो, उपाशी नसतो की थकलेला नसतो, एवढं कळत नाही तुला? आणि सकाळी ऑफिसला निघताना माझ्या वाट्याला नुसता दार आपटल्याचा आवाज. मला "येते" म्हणायला काय जीभ झिजते?

माणसाची माया ही जातच आगाऊ. हक्काच्या घरी फिरकायची नाही, आणि भलत्याच दारी जाऊन ठाण मांडणार.

काल ती गेम तसाच सोडून आंघोळीला गेली. बातम्या लावायच्या म्हणून ह्यांनी रिमोट उचलला. पडद्यावर घोडा भर पावसात एकटा उभा होता. आयाळीतून पाणी निथळत होतं.

"अहो, बंद नका करू!" मी केवढ्यांदा तरी ओरडले.

ह्यांनी रिमोट खाली ठेवला. मी तरातरा जाऊन बाथरूमचं दार बडवलं, "अगं, आटप की लवकर! तो भिजतोय तिकडे."