कोर्टवर ताई म्हणायचं नाही

त्या सीझनला आमची बास्केटबॉलची टीम तळाला होती. शेवटचा नंबर आला तर लीगमधून बाहेर, आणि बाहेर पडलो तर मालक टीमच बंद करणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरुण पोरींना दुसऱ्या टीमनी उचललं असतं. पण गुडघ्याला पट्टा बांधून पळणाऱ्या तेहतीस वर्षांच्या बाईला कोण घेणार? घरी मात्र मी तोऱ्यात सांगायचे, "संपू दे एकदाचं, कंटाळा आला." साफ खोटं. मला अजून खेळायचं होतं.

आणि आम्ही हरत होतो कशामुळे, तर 'ताई'मुळे! हसू नका. आम्ही चौघी वयाने मोठ्या, म्हणून धाकट्यांना चौघीही ताई. बॉल पुढे आणायची घोटीची एक पोरगी, टीममध्ये सगळ्यात लहान. एका मॅचला अगदी शेवटी ती ओरडली, "ताई, घ्या!" आम्हा प्रत्येकीला वाटलं, दुसरीला म्हणतेय. बॉल आमच्यामधून सरळ लाइनीबाहेर गेला आणि आम्ही एका पॉइंटने हरलो.

कोच सर भडकले. "उद्यापासून कोर्टवर ताई बंद! शर्टावरचा नंबर घ्यायचा आणि अगं-तुगं करायचं."

"मला नाय जमणार सर," ती रडवेली झाली. "मोठ्या हायेत त्या."

गंगापूर रोडच्या हॉलमध्ये पंधरा दिवस तिची शिकवणी चालली. माझा नंबर अकरा. ती म्हणायची, "अकराताई, घ्या!" पोरी हसून लोळायच्या. मी मात्र उखडायचे. "अगं बये, मला मान नको, बॉल दे!"

शेवटची मॅच रविवारी दुपारी होती. जिंकलो तर टिकलो, हरलो तर खेळ खलास. काही सेकंद उरलेले, एका पॉइंटने मागे, आणि मी कोपऱ्यात एकटी मोकळी. तिने मला पाहिलं.

"ए अकरे, घे!"

घेतला आणि टाकला. रिंगवर दोनदा नाचला मेला, मग आत पडला. हूटर वाजला. हुश्श! मी तिथेच फतकल मारून बसले. सगळ्या अंगावर येऊन पडल्या, आणि ही बाई कान धरून समोर उभी. "ताई, चुकून निघालं तोंडातून. राग नका धरू." तिला जवळ ओढून मी चक्क भोकाड पसरलं.

बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला. जमेल तितका वैतागलेला आवाज काढून म्हणाले, "जिंकलो रे. आता पळा अजून एक वर्ष."



"मग नारळ फोडायला जाऊ या," तो म्हणाला. "नवस बोललो होतो मी, तुझी टीम राहू दे म्हणून."