शेवंताताईंना विचारलेला पहिला प्रश्न

मंडळी, डोकं अजून तापलेलंय. आज आगाशीत आमच्या वाचक गटाने शेवंताताईंना बोलावलं होतं. बाराव्या वर्षी एका सशस्त्र टोळीने त्यांना गावातून उचलून जंगलात नेलं, हातात बंदूक दिली. चार वर्षांनी त्या पळून आल्या, शिकल्या. आता विरारला नर्स आहेत. हे सगळं त्यांनी आत्मकथनात लिहिलंय.

एका काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, किती माणसं मारलीत?" पटापट मोबाइल वर झाले.

ताई म्हणाल्या, "काका, पुस्तक वाचलंत?"

"वेळ नाही मिळाला."

"मग ऐका." सतराव्या वर्षी पाचवीच्या मुलींमध्ये बसून पाढे पाठ केले, ते पान त्यांनी वाचलं. पान संपेपर्यंत थांबल्या नाहीत.

बोलावणारी मीच, आणि काकांना न अडवता मीच गप्प बसले! तुम्ही असता तर काय विचारलं असतंत?