जळाण संपलं की येतो

पडलेल्या झाडापाशी पोचली, की मामी आधी उजव्या पायातलं पायताण काढून बुंध्यावर ठेवायची. मग पदर खोचून चारी बाजूंना बघायची.

"पायताण ठेवलंय. झाड माझं."

हा कायदा शिवाजी पेठेत कुणी केला, मला विचारू नका. पण तुम्ही आमच्या भागातले असाल, तर ते पायताण बघून भलेभले पैलवान कुऱ्हाड खांद्यावर टाकून माघारी फिरलेले तुम्हीही पाहिले असतील. ती नक्की कुणाची मामी, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. माझी शेजारीण, एवढं खरं.

आमच्याकडचा वळीव म्हणजे साधं काम नव्हे. एकदा असं वारं सुटलं, की दोरीवरची माझी लुंगी पन्हाळ्यावर सापडली. वाळलेली, वर घडी घातलेली. अशा वाऱ्यात माणसं दारं लावून घेतात. मामी दार उघडून कान देऊन उभी राहायची. रंकाळ्याच्या काठाला कडाड वाजलं, की माझ्या खिडकीवर थाप.

"ऊठ की रं! चिंच गेली!"

"आवाजावरनं कळतं व्हय?"

"गुलमोर रडत पडतोय. ही शिव्या देत पडली."

मग तिची कुऱ्हाड, माझा कोयता आणि तालमीतनं मागून आणलेला हातगाडा. तोडताना ती लाकडाशी भांडायची. "जलमभर सावली दिलीस, आता जळायला काय धाड भरली?" लाकूड निमूट दुभंगायचं. एकदा एक मुकादम आडवा आला. "मावशी, हे झाड सरकारी हाय."

"मग उचल की. मी कुठं धरलंय?"

तो बिचारा खरोखरच वाकला. शेवटी आमचा गाडा ढकलत घरापर्यंत आला आणि चहा पिऊन गेला.

घरामागच्या परड्यातली रास बघून वाटायचं, ही गावजेवण घालणार. प्रत्यक्षात एका बाईची अंघोळ आणि दोन भाकरी. एवढं जळण कशाला, हे मला एका दिवाळीत कळलं. पुण्याहून तिचा मुलगा आला होता.

"आई, चल की आता. बारावा मजला हाय. वारं बघ कसं येतंय."

"येतो की. नगं कोण म्हंतंय? एवढं जळाण संपलं की येतो."

मुलानं परड्यात जाऊन रास बघितली. "गेल्या साली पण एवढीच हुती," असं पुटपुटत तो एकटाच परत गेला. त्याची पाठ वळताच मामीनं माझ्याकडं बघून डोळा मिचकावला.

त्यानंतर वळवात तिला माझी खिडकी वाजवावी लागली नाही. मीच गाडा घेऊन तिच्या दारात उभा असायचो.

गेल्या थंडीत फोन आला. मुलाचा नव्हे, सुनेचा. तिला सातवा महिना होता, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. 'या' असं ती म्हणालीच नाही. नुसती रडली. मामी सकाळच्या एसटीत बसली. रास तेव्हा छपराला टेकली होती.

"मामी, जळाण?" मी खिडकीखालून विचारलं.

गाडी सुरू झाल्यावर ती म्हणाली, "ताडपत्री घाल. भिजलं तर कुजंल."

आता नातू पालथा पडतो. ती फोनवर सांगते, बटण दाबलं की पाणी ऊन. त्यात काय राम न्हाय. परवा तिनं विचारलं, "वळीव झाला?"

"झाला."

"काय पडलं?"

यंदाच्या वाऱ्यात पान हललं नव्हतं.

"काय सांगू मामी! निम्मा रंकाळा आडवा झालाय."

पलीकडं पोर किरकिरत होतं. मग ती हळूच म्हणाली, "मग रास वाढली असंल की."

"छपराच्या वर गेलीया, मामी."