नको त्या तारा

प्रिय ईशान आणि मैत्रेयी,

विनू गेल्याला पाच आठवडे झाले. फोनवर मी तुम्हाला त्याचं दुखणंच सांगत राहिले... फुप्फुसं, ऑक्सिजन, दवाखाना. माणूस सांगायचा राहिला, म्हणून हे पत्र.

माझा हा धाकटा भाऊ चंद्रपूरला वीज केंद्रात फिटर होता आणि हौसेने गिटारवर ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं ते दुखरं संगीत, वाजवायचा. खालची लय त्याचा एक मित्र धरायचा, वरचे सूर विनूचे. गेल्या हिवाळ्यात तो मित्र मुलाकडे हैदराबादला राहायला गेला आणि त्याच सुमारास विनूचा दम कमी होत गेला. एक दिवस मित्राची जुनी गिटार घेऊन तो माझ्या दारात उभा. मोठी बहीण म्हणून तो मला बाईच म्हणायचा. "बाई, खाली कोणी धरलं तं मी वर वाजवीन. हात चालून राह्यले तवर एकडाव वाजवू." मी म्हटलं, "अरे, मला पेटीसुद्धा येत नाही." तर म्हणाला, "मंग बरं हाय. मोडा लागन अशी सवयच नाई तुले."

त्या लयीला शफल म्हणतात. एक ठोका लांब, एक आखूड, लंगडत चालल्यासारखी. मला वाटलं होतं, तारा नीट दाबल्या की झालं. मी वहीत बोटांना क्रमांक दिले आणि प्रत्येक तार स्वच्छ वाजवली. विनू डोळे मिटून ऐकायचा. "काऊन सप्पा तारा वाजवून राह्यली? दोनच पाहिजे. बाकीच्याइले बोट टेकव, दाबू नको." अंगठा वरून आणून जाड तार गप्प ठेवायची, पहिलं बोट आडवं करून बारीक तारा, आणि उजव्या तळव्याची कड घोडीजवळ, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीजवळ. एवढं सगळं एकाच वेळी मला जमेना. शेवटी मी तारांखाली रुमाल कोंबला. विनू खोकला येईपर्यंत हसला. "रुमाल सगळ्याइलेच चुप करते, बाई. तुले फक्त नको ते चुप करा लागते."

मग मे महिन्यात आम्ही कूलर बंद करून बसू लागलो, कारण कूलरच्या घरघरीत नको ती तार लपायची. घामाने माझी बोटं घसरायची. विनू दर दहा मिनिटांनी उशीला टेकायचा... मला घाई करता येत नव्हती आणि त्याच्याकडे वेळ नव्हता.

जूनमधल्या एका सकाळी तो म्हणाला, "चाल, धर." मी धरलं. तो वरच्या सुरांत गेला. एक आवर्तन बारा बारांचं, बार म्हणजे चार ठोक्यांचं माप. पहिले चार बार निर्विघ्न झाले आणि पाचव्याला, चौथ्या तारेवर जाताना, माझा अंगठा सुटला आणि जाड तार घुमली. मी थांबणार, तेवढ्यात विनू खालच्या सुरांत उतरला, तोच सूर त्याने वाजवला, त्यावर क्षणभर रेंगाळला, जणू तिथे तो हवाच होता... आणि पुन्हा वर गेला. बाराव्या बारला दोघं एकत्र थांबलो. "झालं ना," एवढंच म्हणाला आणि पाणी मागितलं.

नंतर त्याला बसवलं नाही.

त्याने वर जे वाजवलं, ते कुणी ध्वनिमुद्रित केलं नाही आणि मला ते येत नाही. खालचे बारा बार मात्र मला येतात, त्याच्या चालीपेक्षा जरा संथ.

तुमची आजी